त्याच कंपनीत वर चढायचं, तर कोणता कोर्स?

कंपनी सोडायची नाही, घरभाडं, हप्ते आणि मुलांच्या शाळा यांमुळे दोन वर्षं घरी बसून शिकणंही शक्य नाही, मग नोकरी सांभाळून मॅनेजमेंटचं शिक्षण घेऊन वरच्या ग्रेडला कसं जायचं, असं विचारणारी बरीच पत्रं आली. त्यांतल्या निवडक पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न: दहावीनंतर मेकॅनिकल डिप्लोमा केला. नऊ वर्षं चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत आहे, सध्या प्रेस शॉपला शिफ्ट सुपरवायझर. असिस्टंट मॅनेजरसाठी एचआर ‘ग्रॅज्युएट पाहिजे’ म्हणतं. एक एजंट डिप्लोमावरच एका वर्षात एमबीए करून देतो म्हणतो, ८५ हजार मागतो. करू का?

नका करू. पैसे दिले नसतील तर मुळीच देऊ नका. एमबीए ही पदव्युत्तर पदवी आहे. आधी पदवी हवी आणि त्यानंतर सहसा दोन वर्षं लागतात, मग शिक्षण वर्गात बसून घ्या, डिस्टन्सने घ्या किंवा ऑनलाइन घ्या. डिप्लोमा ही पदवी नाही. असला कागद आज एचआरने ठेवून घेतला, तरी प्रमोशनच्या वेळी तो पडताळणीला जातो. तिथे तो खोटा निघाला की प्रमोशन राहतं बाजूला आणि खोटी कागदपत्रं दिल्याबद्दल नऊ वर्षांची नोकरी जाते.

आता खरा रस्ता. ‘ग्रॅज्युएट’ म्हणजे नेमकं कोण, हे एचआरला तोंडी विचारू नका, ईमेलवर विचारा. ‘असिस्टंट मॅनेजर ग्रेडसाठी कंपनीच्या धोरणात किमान पात्रता काय लिहिली आहे? बी.ई./बी.टेक. की कोणतीही पदवी? डिस्टन्सची पदवी चालते का?’ एवढ्या तीन ओळी पुरतात. प्रॉडक्शन, टूल रूम, क्वालिटी इथे बऱ्याचदा इंजिनिअरिंगचीच पदवी लागते. पीपीसी (उत्पादनाचं नियोजन), स्टोअर्स, डिस्पॅचला कोणतीही चालते. तुमचा पुढचा सगळा खर्च या उत्तरावर ठरणार आहे.

बी.टेक.च हवं असेल, तर नोकरदारांसाठीच्या बी.टेक.कडे बघा. तांत्रिक शिक्षणाची नियामक संस्था एआयसीटीईने २०२३-२४ पासून ही सोय सुरू केली. मान्यताप्राप्त कॉलेजात कामाच्या वेळा सांभाळून वर्ग घेतात, किमान एक वर्षाचा अनुभव लागतो आणि डिप्लोमाधारकाला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणजे तीन वर्षं. इंजिनिअरिंगची पदवी डिस्टन्सने मात्र घ्यायची नाही. काही अभिमत विद्यापीठांनी डिस्टन्सने दिलेल्या अशा पदव्या २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने रोखल्या आणि जुन्या विद्यार्थ्यांना पदवी टिकवण्यासाठी नव्याने परीक्षा द्यावी लागली. ती माणसं तेव्हा नोकरीत मुरलेली होती.

कोणतीही पदवी चालत असेल, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (इग्नू) यांचं बी.कॉम. किंवा बीबीए करा, मग एमबीए. एकूण पाच वर्षं. हा आकडा ऐकून मन खचतं, पण बीबीए पूर्ण होताच तुमची ‘ग्रॅज्युएट’ची अट पुरी होते. एमबीए होईपर्यंत थांबावं लागत नाही.

कोणत्याही डिस्टन्स किंवा ऑनलाइन कोर्सआधी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या (डीईबी) संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव, कोर्सचं नाव आणि तुमचं प्रवेशवर्ष या तिन्ही गोष्टी जुळतात का ते पाहा. विद्यापीठ यादीत असतं पण तोच कोर्स नसतो, किंवा मान्यता मागच्या वर्षापुरतीच असते, ही नेहमीची गफलत आहे. २०२४ पासून अशा प्रवेशाला डीईबी आयडीही लागतो. तो त्याच संकेतस्थळावर स्वतः काढायचा, त्यासाठी आधी डिजिलॉकरमधून एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या क्रेडिटच्या खात्याचा क्रमांक) घ्यायचा. फी विद्यापीठाच्या पोर्टलवरच भरा. एजंटच्या यूपीआयवर एक रुपयाही नको.

आणि प्रवेशाआधी शिफ्टचं बोला. तिसरी शिफ्ट करून संध्याकाळी वर्गाला बसणं फार दिवस निभत नाही. वर्गाच्या दिवसांत पहिली किंवा जनरल शिफ्ट मिळेल, एवढं प्लांट हेडकडून ईमेलवर घ्या. अभ्यास अवघड वाटल्यामुळे नव्हे, तर फिरत्या शिफ्टमुळे कोर्स सोडणारेच शॉप फ्लोअरवर जास्त.

प्रश्न: वय ३४, बी.एस्सी., महापे एमआयडीसीत परचेस ऑफिसर, मुलगा चार वर्षांचा. संध्याकाळच्या वर्गांचा पार्ट टाइम कोर्स, इग्नूचं एमबीए की नामांकित संस्थेचा वीकेंडचा एक्झिक्युटिव्ह प्रोग्रॅम? कंपनीत सीनियर मॅनेजरपर्यंत जायचं आहे.

एक्झिक्युटिव्ह प्रोग्रॅमचं आधी बोलू, कारण फसगत तिथे जास्त होते. आयआयएम कायदा, २०१७ मुळे आयआयएमना पदवी देण्याचा अधिकार मिळाला, पण त्यांचा प्रत्येक कोर्स म्हणजे पदवी नव्हे. सहा-अकरा महिन्यांचे वीकेंडचे ऑनलाइन कोर्स बहुधा प्रमाणपत्राचे असतात. शिकवतात चांगलं. पण तुमच्या ग्रेडच्या अटीत ‘एमबीए किंवा समकक्ष’ असेल, तर एचआर ते धरेलच असं नाही. माहितीपत्रकात ‘पदवी’ हा शब्द शोधा. ‘अॅल्युम्नी स्टेटस’ (माजी विद्यार्थी म्हणून मान्यता) या शब्दावर भुलू नका.

मुंबई विद्यापीठाच्या पठडीतले तीन वर्षांचे पार्ट टाइम मास्टर्स कोर्स नोकरदारांसाठीच आहेत आणि पदवीनंतरचा कामाचा अनुभव मागतात. त्यांत प्रामुख्याने मार्केटिंग, फायनान्स, एचआर हे पर्याय असतात. परचेसमधून वर जाणाऱ्याला ऑपरेशन्स आणि सप्लाय चेन जास्त उपयोगी. शिवाय महाप्याहून सहाला सुटून चर्चगेटच्या वर्गाला वेळेत पोचणं आणि रात्री परतणं, तेही चार वर्षांच्या मुलाला घरी ठेवून, तीन वर्षं जमेल का, हे घरच्यांबरोबर बसून ठरवा. वर्ग तुमच्या घर-ऑफिसच्या वाटेवर असेल तरच हा पर्याय घ्या.

तुमच्या परिस्थितीत आम्ही इग्नू सुचवू, पण हिशेब मांडून. तिथे एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. एमबीएच्या पहिल्या सत्रात चार-चार क्रेडिटचे सात विषय, म्हणजे २८ क्रेडिट, म्हणजे ८४० तास. सहा महिन्यांचे २६ आठवडे धरले तर आठवड्याला ३२ तास. नोकरी, मूल आणि लोकल सांभाळून ३२ तास कोणीही काढू शकत नाही, आणि तरी पहिल्याच परीक्षेला सातही पेपरचा फॉर्म भरणारे बरेच असतात. चार पेपर जातात, धीर सुटतो, कोर्स तिथेच थांबतो.

हा कोर्स दोन वर्षांत होतो, पण चार वर्षांपर्यंत करता येतो. सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरला. चार वर्षं धरा, सुरुवातीला दर खेपेला तीन विषय, हात बसला की चार. तीन विषय म्हणजे १२ क्रेडिट, ३६० तास, आठवड्याला सुमारे १४. सोमवार ते शुक्रवार पहाटे सव्वा तास, शनिवारी तीन तास, रविवारी साडेचार, की झाले. रात्रीच्या अभ्यासावर भिस्त ठेवू नका. परचेसमध्ये रात्री नऊलाही व्हेंडरचा फोन येतो.

असाइनमेंटला ३० टक्के आणि सत्रांत परीक्षेला ७० टक्के वजन असतं, आणि दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. लोक पेपरची तयारी करतात आणि असाइनमेंटची तारीख चुकवतात. बाजारात तयार उत्तरं विकत मिळतात, ती नकोत. असाइनमेंट स्वतः लिहिली की पेपरची निम्मी तयारी तिथेच होते. सादर केल्याची पोच जपून ठेवा, गुण पोर्टलवर चढायचे राहून गेले तर तोच पुरावा. तुमच्याकडे मार्च एंडिंगला श्वास घ्यायला वेळ नसतो. म्हणून जूनच्या परीक्षेच्या असाइनमेंट फेब्रुवारीअखेर संपवा.

प्रश्न: कंपनी एक्झिक्युटिव्ह एमबीएची ३ लाख ६० हजार फी भरायला तयार आहे. अट अशी: कोर्स संपल्यावर तीन वर्षं नोकरी, मध्ये सोडल्यास दुप्पट रक्कम, मूळ पदवी प्रमाणपत्र एचआरकडे, शिवाय दोन कोरे सही केलेले चेक. सही करावी का? (भोसरी)

आहे तशी नको. पण बाँड, म्हणजे ठरावीक मुदत नोकरी करण्याचा असा करार, या शब्दाला घाबरून चांगली संधीही घालवू नका.

कायदा थोडक्यात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार माणसाला त्याचा धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल ठरतो. पण ठरावीक मुदत नोकरी करीन, नाहीतर भरपाई देईन, हा करार त्यात आपोआप येत नाही. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षं सेवा किंवा दोन लाख रुपये ही अट वैध धरली. तेव्हा ‘बाँड कोर्टात टिकतच नाही’ हा कॅन्टीनमधला सल्ला धोक्याचा आहे. त्याच वेळी कलम ७४ प्रमाणे भरपाई वाजवी तेवढीच मिळते. कंपनीचा खर्च ३ लाख ६० हजार असताना ७ लाख २० हजारांची मागणी पुरती टिकणं कठीण. पण ते सिद्ध करायला तुम्हालाच कोर्टाची पायरी चढावी लागेल, म्हणून दुरुस्ती आत्ताच मागा.

रक्कम प्रत्यक्ष भरलेल्या फीएवढीच ठेवा आणि ती दर महिन्याला घटू द्या. ३,६०,००० भागिले ३६ महिने, म्हणजे महिन्याला १०,०००. कोर्सनंतर २४ महिन्यांनी सोडलं तर १ लाख २० हजार द्यायचे. हे कलम आकड्यांसह करारात हवं. ‘प्रमाणानुसार’ एवढंच लिहिलं की पुढे वाद होतो.

मुदत केव्हा सुरू होते, ते पाहा. कोर्स दोन वर्षांचा आणि त्यानंतर तीन, म्हणजे तुम्ही पाच वर्षं बांधले जाता. कंपनीने काढलं, प्लांट बंद झाला, दुसऱ्या गावी बदली झाल्याने कोर्स अर्धवट राहिला किंवा गंभीर आजारपण आलं, तर वसुली नाही, हे लिहून घ्या. फी कंपनी थेट भरणार की सत्र पास झाल्यावर परत देणार, तेही विचारा. परत देणार असेल तर दर सत्राचे पैसे आधी तुमच्या खिशातून जाणार.

मूळ प्रमाणपत्र देऊ नका, साक्षांकित प्रत द्या. सही केलेला कोरा चेक तर कुठल्याही परिस्थितीत नाही. तो वटला नाही तर चेक न वटल्याचा फौजदारी खटला तुमच्यावर होऊ शकतो आणि बाँडचा साधा दिवाणी वाद वेगळंच वळण घेतो. एचआर यावर अडून बसलं तर फी स्वतः भरण्याचा विचार करा. आणि सगळ्यात मोठी त्रुटी: या करारात तुम्ही काय द्यायचं ते सगळं आहे, कंपनी काय देणार ते नाही. प्रमोशनची हमी कोणी लिहून देणार नाही. पण ‘कोर्स पूर्ण झाल्यानंतरच्या पहिल्या अप्रेझलमध्ये (वार्षिक मूल्यमापनात) पुढील ग्रेडसाठी विचार केला जाईल’ एवढं वाक्य बऱ्याच कंपन्या देतात. मागा.

प्रश्न: गोव्यात वेर्णा इथल्या औषध कंपनीत अकाउंट्समध्ये सहा वर्षं आहे, बी.कॉम. झालं आहे. सीएमए करावं की एमबीए फायनान्स?

तुमच्या उद्योगाकडे पाहता सीएमए, म्हणजे कॉस्ट अँड मॅनेजमेंट अकाउंटंटचा कोर्स. औषधनिर्मिती कॉस्ट रेकॉर्ड्स (उत्पादन खर्चाच्या नोंदी) आणि कॉस्ट ऑडिट (त्यांची तपासणी) यांच्या २०१४ च्या नियमांतल्या नियंत्रित क्षेत्रात येते. उलाढाल ३५ कोटींवर गेली की कॉस्ट रेकॉर्ड ठेवावे लागतात. एकूण उलाढाल ५० कोटी आणि संबंधित उत्पादनांची २५ कोटी झाली की कॉस्ट ऑडिटही लागतं. म्हणजे हे ज्ञान कंपनीला दरवर्षी लागणारच आहे. सध्या ते काम बाहेरच्या फर्मकडे असेल, तर आतून आकडे तयार करून देणारा माणूस लवकर नजरेत भरतो.

पदवीधराला थेट इंटरमीडिएटला नोंदणी करता येते. आठ पेपर, दोन ग्रुप. फायनलही तसंच. परीक्षा जून आणि डिसेंबरला. प्रत्येक पेपरला ४० टक्के आणि ग्रुपची सरासरी ५० टक्के लागते, आणि नोकरदारांची गाडी या सरासरीपाशीच अडते. चारही पेपरला ४४-४५ मिळाले तरी ग्रुप जातो. म्हणून एका विषयात ६५-७० मिळतील असं नियोजन करा. तुमच्या बाबतीत तो कॉस्ट अकाउंटिंग असावा. एका वेळी एकच ग्रुप द्या. प्रॅक्टिकल ट्रेनिंगची अट आहेच, पण फायनान्स-अकाउंट्समधल्या नोकरीचा अनुभव त्यात धरता येतो का, हे सीएमए इन्स्टिट्यूटच्या स्थानिक शाखेकडून (चॅप्टर) लेखी विचारून घ्या. ठरावीक नमुन्यातलं अनुभवपत्र लागेल, ते कंपनीकडून वेळेत मिळवा. बॅच कॉस्टिंगपेक्षा (प्रत्येक बॅचचा खर्च काढण्यापेक्षा) ट्रेझरी (कंपनीच्या रोकडीचं नियोजन) किंवा गुंतवणूकदारांच्या कामात रस असेल, तरच एमबीए.

प्रश्न: दोन वर्षांपूर्वी पार्ट टाइम एमबीए ऑपरेशन्स केलं. सातपूरच्या मशिनिंग कंपनीत स्टोअर्स इनचार्ज आहे. ग्रेड तीच, पगारवाढ इतरांइतकीच. आता काय करू?

प्रथम एक साधी गोष्ट तपासा: तुमची पदवी एचआरच्या नोंदीत चढली आहे का? गुणपत्रिकेची प्रत साहेबांना दाखवली, फाइलला लागलीच नाही, असं पुष्कळदा होतं. प्रत ईमेलने पाठवा आणि नोंद झाल्याचं उत्तर घ्या.

पण मुख्य अडचण पुढे आहे. पदवीने तुम्ही पात्र ठरता. वरची जागा मिळते ती तुमचं काम कंपनीच्या पैशात दिसलं की, आणि स्टोअर्समध्ये हे दाखवणं इतर खात्यांपेक्षा सोपं आहे. एक उदाहरण आकडे धरून करू. वर्षाला २,४०० कार्बाइड टिप (मशीनवर धातू कापणारी पाती) लागतात, एकीची किंमत २५० रुपये. एका ऑर्डरचा खर्च ६०० रुपये, माल वर्षभर पडून राहण्याचा खर्च किमतीच्या १८ टक्के, म्हणजे नगामागे ४५ रुपये. सध्या वर्षातून दोनदा १,२०० मागवतात. खर्च: ऑर्डरचे १,२००, साठ्याचे ६०० (लॉटच्या निम्मा, म्हणजे सरासरी साठा) गुणिले ४५ म्हणजे २७,०००, एकूण २८,२००. ईओक्यूचं, म्हणजे सर्वांत कमी खर्चाचा लॉट काढण्याचं, सूत्र सांगतं, सुमारे २५० चा लॉट मागवा. मग ऑर्डरचे ५,७६०, साठ्याचे ५,६२५, एकूण ११,३८५. बचत १६,८१५.

कोर्समध्ये गणित इथे संपतं. कंपनीत इथून सुरू होतं. सप्लायर १,२०० च्या लॉटवर ५ टक्के सूट देत असेल तर? खरेदी ५,७०,०००, ऑर्डरचे १,२००, साठ्याचे २५,६५०, एकूण ५,९६,८५०. लहान लॉटने एकूण ६,११,३८५. म्हणजे मोठा लॉटच १४,५३५ रुपयांनी स्वस्त. सूत्र घेऊन थेट साहेबांकडे गेला असता, तर परचेसवाल्याने एका वाक्यात खोडून काढलं असतं. सूट, सप्लायरचा किमान लॉट, लीड टाइम (ऑर्डरपासून माल येईपर्यंतचा वेळ) आणि टिपचा ग्रेड बदलला की जुन्या टिपचं काय होतं, या चार गोष्टी तपासूनच आकडा मांडा. वार्षिक सूट कायम ठेवून माल टप्प्याटप्प्याने घेण्याचा करार होतो का, हे परचेसला विचारा. तो झाला तर दोन्हीकडची बचत हाती येते.

आता तुमच्याकडच्या सर्व कोडची एबीसी यादी (वार्षिक खर्चाच्या उतरत्या क्रमाने ए, बी, सी वर्ग) काढा आणि ए वर्गातले पहिले वीस कोड घेऊन हेच करा. निष्कर्ष एका पानात मांडा: सध्याचा खर्च, सुचवलेला बदल, जोखीम, बचत. बचतीच्या आकड्यावर फायनान्सची सही घ्या. ती नसेल तर अप्रेझलमध्ये आकड्याला वजन येत नाही. हे काम पुढच्या वर्षाच्या केआरएमध्ये (ठरवून दिलेल्या उद्दिष्टांत) एप्रिलमध्येच लिहून घ्या, फेब्रुवारीत आठवण करून देऊन उपयोग नसतो. आणि पुढची जागा स्टोअर्समध्येच शोधू नका. स्टोअर्स इनचार्जच्या वर बऱ्याच कंपन्यांत जागाच नसते. पीपीसी किंवा परचेसची अंतर्गत जाहिरात निघाली की अर्ज करा, तिथे हे एक पान जोडा.

थोडक्यात

*युनियनमधला टेक्निशियन आहे. पदवीनंतर ऑफिसर ग्रेड देतायत. घ्यावी का? (वाळूज)* घेण्याआधी हातात पडणारे पैसे मोजा. स्टाफमध्ये गेलं की दुप्पट दराचा ओव्हरटाइम बहुधा थांबतो आणि युनियनच्या वेतनकरारातली पुढची वाढही लागू होत नाही. करार सहा महिन्यांवर आला असेल, तर तो होऊन गेल्यावर ग्रेड बदलून घेता येईल का, ते विचारा. मागच्या बारा महिन्यांच्या पगारपत्रकांची सरासरी काढून त्यावरच बोलणी करा.

*परीक्षेची रजा हक्काने मिळते का? (इचलकरंजी)* खाजगी कंपनीत अशी वेगळी रजा कंपनीच्या धोरणात असेल तरच. नसेल तर वेळापत्रक लागल्याच्या दिवशीच हक्काच्या रजेचा अर्ज द्या आणि त्या दिवसांत तुमचं काम कोण पाहील, त्याचं नाव अर्जातच लिहा. अर्ज अडतो तो बहुधा याच मुद्द्यावर.

*फीवर करसवलत मिळते का? (डोंबिवली)* स्वतःच्या ट्यूशन फीवर नाही, ती वजावट मुलांच्या पूर्णवेळ शिक्षणासाठी आहे. स्वतःच्या उच्च शिक्षणासाठी बँकेकडून शैक्षणिक कर्ज घेतलं, तर त्याच्या व्याजाची वजावट जास्तीत जास्त आठ वर्षं मिळते. त्याला वरची मर्यादा नाही, पण ती जुन्या करप्रणालीतच मिळते. मित्राकडून किंवा पतपेढीकडून पैसे घेण्याआधी हे लक्षात घ्या. कंपनी फी परत देणार असेल, तर ती रक्कम पगारात धरून कर कापणार का, हे पेरोलला आधी विचारा. नाहीतर मार्चच्या पगारात एकदम मोठी कपात होते.